थंडी संपली, बास पुन्हा खांद्यावर

प्रश्न: दादा, नमस्कार. मी ऐरोलीत राहतो, वय २८. नोकरी महाप्याला, आणि गेली सहा वर्षं ठाण्यातल्या एका वाद्यवृंदात बास गिटार वाजवतो. यंदा नवरात्रात ओळीने नऊ रात्री गरब्याला वाजवलं. दसऱ्याला डाव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटापाशी इतकं दुखायला लागलं की चहाचा कप उचलवेना. टेंडनच्या आवरणाला सूज आहे असं सांगून डॉक्टरांनी पट्टा दिला आणि वाजवणं बंद केलं. लग्नसराई, शाळांची गॅदरिंग, डिसेंबरचे शो, सगळा हिवाळा गेला. आता दुखत नाही, डॉक्टरांनीही परवानगी दिली आहे. गुढीपाडव्याच्या पहाटे ठाण्यात खुल्या मैदानावर शो आहे, पाच आठवडे हातात आहेत. पण बोटांची टोकं मऊ पडलीत, दहा मिनिटांत हात भरून येतो. शिवाय चार महिने माझ्या जागी जो मुलगा वाजवतोय, तो चांगला वाजवतो. स्टेजवर उभं राहिल्यावर मला जमेल का, या विचाराने झोप लागत नाही. सुरुवात कुठून करू?
(एक वाचक, ऐरोली)

उत्तर: तुझं पत्र वाचताना मला २००६ सालची थंडी आठवली. त्या वर्षी महाराष्ट्रात चिकुनगुनियाची मोठी साथ होती आणि मीही त्यात सापडलो. ताप आठवड्यात उतरला, पण बोटांचे सांधे काही सोडायला तयार नव्हते. सकाळी उठल्यावर दुधाची पिशवी कात्रीने कापता येत नसे. नौपाड्यातल्या घरात बास कोपऱ्यात उभा होता आणि रोज येता-जाता माझी नजर त्याच्यावर पडायची. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे वाजवणाऱ्याच्या कमाईचे महिने, मी घरात बसून काढले. तेव्हा ज्या विचाराने मला छळलं तोच तुला छळतो आहे: आपल्याशिवाय त्यांचं छान चाललंय.

परतलो तो मार्चमध्ये, गडकरी रंगायतनला. आणि काय केलं? पहिल्याच गाण्यात चार महिन्यांचं साठलेलं सगळं ओतलं. जिथे दोन स्वर पुरले असते तिथे आठ वाजवले, प्रत्येक ओळीच्या शेवटी एक धावती जागा घेतली. मी अजून आहे, हे सगळ्यांना दाखवायचं होतं. मध्यंतरात आमचे ढोलकीवाले काका, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, चहा घेऊन माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “अरे, मधली जागा माझी होती.” एवढंच. रागावले नाहीत. पण उत्तरार्धात मी फक्त सम (तालाची पहिली मात्रा) आणि खाली (तालाचा टाळी नसलेला भाग) धरून वाजवलं आणि संच पुन्हा जागेवर बसला. ते वाक्य मी आजही तालमीला जाताना सोबत नेतो. तुला जे सांगायचंय त्याचं मूळ तिथेच आहे: बोटांचा वेग परत यायची वाट बघू नकोस. थोडे स्वर घे, आणि प्रत्येक स्वर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो याची काळजी घे. पाच आठवड्यांत तेवढं नक्की होतं.

आधी हात. पहिल्या आठवड्यात दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, एवढंच. घड्याळ लावून. दहाव्या मिनिटाला छान चाललं असेल तरी बास खाली ठेवायचा. दुसऱ्या आठवड्यात पंधरा-पंधरा, मग वीस. सलग दोन तास वाजवण्याची घाई चौथ्या आठवड्याच्या आत करू नकोस. वाजवताना दुखलं नाही एवढ्यावर विसंबू नकोस. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगठा कसा आहे ते बघ. सकाळी ठणका असेल तर त्या दिवशी वेळ निम्मा, आणि दोन सकाळी ओळीने ठणका राहिला तर सरळ डॉक्टरांकडे. बोटांची टोकं दोन-तीन आठवड्यांत घट्ट होतात. फोड आला तर तो फोडायचा नाही, त्यावर चिकटद्रव लावून वाजवायचं तर मुळीच नाही.

आणि बासचा खांद्यावरचा पट्टा वर घे. हे मी तुला पाहिलं नसतानाही सांगतो, कारण नऊ रात्री वाजवून अंगठा गेलेले जे जे मी पाहिले त्यातल्या बहुतेकांचा बास मांडीपर्यंत लोंबत होता. बास खाली गेला की डावं मनगट आत दुमडतं, आणि दुमडलेल्या मनगटाने तार दाबायला अंगठ्याला पक्कडीसारखं काम करावं लागतं. बसून वाजवताना बास जिथे असतो, उभं राहिल्यावरही तो तिथेच आला पाहिजे. अंगठा बासच्या गळ्याच्या मागे नुसता टेकलेला असावा. घरी एक करून बघ: अंगठा पूर्ण सोडून, फक्त हाताच्या वजनाने तार खाली ओढून स्वर काढ. स्वर निघतो. म्हणजे इतकी वर्षं आपण किती फुकटचा जोर लावत होतो ते कळतं. बास चार-साडेचार किलोचा असतो. तीन इंच रुंदीचा पट्टा घे, खांदा वाचेल.

उजव्या हाताची चिंता सोड. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या गाण्यांवर बास वाजवणारे जेम्स जेमरसन उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीने वाजवत, आणि जगभरातले बासवाले अजून त्यांचे स्वर घोटतात. तूही पहिले दोन आठवडे एकाच बोटाने वाजव.

आता खरं काम. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) साठवर लाव आणि त्याचा ठोका फक्त समेवर येऊ दे. केरव्याच्या आठ मात्रांत एकच स्वर घे. तो समेवर सुरू कर आणि बरोबर पाचव्या मात्रेवर थांबव. थांबवणं म्हणजे डावं बोट तारेवरून उचलायचं नाही, फक्त दाब सोडायचा, आणि उजव्या हाताने तार हलकेच धरायची. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलास की कळेल, आपला स्वर आपण सांगू तेव्हा संपत नाही, मागे थोडी आस रेंगाळत राहते. चार तारांचा बास, त्यातली सर्वांत जाड ई तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा थरथरते. एवढ्या मंद स्वराची रेंगाळलेली आस डग्ग्यावर (तबल्याच्या जोडीतला डावा) आणि ढोलकीच्या धुमेवर (तिच्या जाड आवाजाच्या तोंडावर) जाऊन बसते. वाजवणाऱ्याला ती जाणवत नाही, समोर बसलेल्याला सगळंच गढूळ ऐकू येतं. पाडव्याच्या पहाटे भावगीतं, अभंग, नाट्यपदं असणार, म्हणजे तबला असणारच. तबलजीचा डग्गा घुमला की तुझा स्वर छोटा, आणि त्याने घुमारा दाबला की तुझा लांब. ही गोष्ट कागदावर लिहून मिळत नाही. त्याच्या डाव्या हाताकडे बघून वाजवावं लागतं. बासवाल्याचं सगळं सुख मला तरी तिथेच सापडलं आहे.

लोकलमध्ये वेळ जातो तो वाया घालवू नकोस. कानाला इअरफोन लाव आणि गाण्यातला फक्त बास मनात गा. राहुल देव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बास वाजवत. त्या काळातली गाणी या एका नजरेने ऐकलीस तर कळेल, गायक श्वास घेतो तिथे बास काय करतो. फोनच्या उघड्या स्पीकरवर मात्र ऐकू नकोस, त्यातून खालचे स्वर येतच नाहीत, आपला कान वरच्या स्वरांवरून ते ओळखून घेतो.

गायकांच्या पट्ट्या आधी विचारून घे. तुझ्या गायकांपैकी कोणी काळी दोनमध्ये (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) गात असेल तर तिथून सुरुवात कर. तिथे सा ए तारेवर सहाव्या फ्रेटला (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या रेघेला) येतो आणि मंद्र पंचम त्याच्याच शेजारी ई तारेवर, सहाव्याच फ्रेटला. मोकळी तार सा किंवा पंचम म्हणून कुठेही मिळत नाही, त्यामुळे डाव्या हाताला उसंत नाही. मऊ बोटांची खरी परीक्षा या पट्टीत होते. पांढरी सहामध्ये आपोआप आराम मिळतो, कारण मोकळी ए तारच सा.

आता तुझ्या जागी वाजवणाऱ्या मुलाबद्दल. पत्रात त्याच्यावर तू एकच ओळ लिहिली आहेस, पण झोप त्याच ओळीने उडवली आहे असं मला वाटतं. त्याला आजच फोन कर. आभार मान, आणि त्याची वही माग. चार महिन्यांत संचात बदल झालेले असतात: मेडलेचा क्रम फिरतो, कुणाची पट्टी अर्ध्या स्वराने खाली येते, एखाद्या गाण्याचा शेवट तिहाईवर (तीनदा घेतलेल्या तुकड्यावर) जायला लागतो. तू ऑक्टोबरमधलं वाजवायला गेलास तर चांगलं वाजवूनही चुकशील. फेब्रुवारीतल्या शोचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग मिळव आणि त्याने काय केलंय ते नीट ऐक. त्याने एखादी जागा तुझ्यापेक्षा बरी बसवली असेल तर ती ठेव. गायक आता तिच्या भरवशावर श्वास घेत असतील. माझ्या वेळी जो मुलगा बदली वाजवत होता, त्याने एका कोळीगीताला असा साधा बास लावला होता की मी तो आजतागायत बदललेला नाही.

आणि संचप्रमुखांना मोकळेपणाने सांग की पहिल्या शोला अर्धी गाणी मी घेतो, अर्धी त्याला द्या. यात कमीपणा नाही. पहाटेच्या दोन तासांच्या कार्यक्रमात सतरा-अठरा गाणी असतात. तू नऊ घे, ती नऊ नीट वाजव. त्याची बिदागी कापली जाणार नाही एवढं मात्र तू आधी बोलून घे. हिवाळाभर संच त्याने सांभाळला आहे.

पाडव्याच्या पहाटेच्या काही गोष्टी तुला माहीत असतील, तरी लिहितो. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणजे साऊंडचेक आदल्या संध्याकाळी, दहाच्या आत. त्याच वेळी अँप (बासचा अँप्लिफायर) पोचवून ठेव, कारण कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेसाठी सकाळी जुन्या ठाण्यातले रस्ते बंद होतात आणि टेम्पो आत येत नाही. निघायच्या आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं हात बुडव, हळूहळू मुठी उघड-मीट कर. साडेतीनला उठलेल्या माणसाची बोटं सहाला जागी होत नाहीत. आठच्या सुमारास ऊन स्टेजवर तिरकं येईल. तारा तापल्या की स्वर उतरतो, आणि पेटी तर हलत नाही, म्हणून निवेदन चालू असताना ट्यूनरवर नजर टाकत जा.

तालवाद्यांच्या जवळ उभा राहा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. स्टेजच्या एका टोकाला ढोलकी आणि दहा मीटरवर तू, तर तिचा आवाज तुझ्यापर्यंत येईतो २९ मिलिसेकंद गेलेले असतात. द्रुत लयीत तेवढं पुष्कळ आहे. फळ्या आणि लोखंडी सांगाड्याचं स्टेज खालून पोकळ असतं, ते बासबरोबर घुमतं, म्हणून अँप थेट फळ्यांवर न ठेवता लाकडी खोक्यावर चढव. बासचा स्वर आपल्याला कमी ऐकू येतो म्हणून आवाज वाढवण्याचा मोह होईल. ई तारेच्या एका लहरीची लांबी सव्वाआठ मीटर असते, स्टेजवर एका जागी दबलेला स्वर चार पावलांवर भरून येतो. आधी जागा बदलून बघ.

मैदानावरच्या विजेची तपासणी केल्याशिवाय बासच्या तारांना हात लावू नकोस. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा. अर्थिंग खराब असेल तर गुणगुण नेमकी त्या स्वराच्या अंगावर येऊन बसते आणि ट्यूनरही गोंधळतो. गुणगुणीचं एकवेळ राहू दे. खराब अर्थिंगमध्ये एक हात तारांवर असताना माईकला ओठ लागले तर झटका बसतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. साऊंडवाल्यांकडे मल्टिमीटर असतो. माईकची जाळी आणि तुझ्या तारा यांच्यामध्ये तो लावून घे. आकडा शून्याच्या आसपास नसेल तर शो थांबला तरी चालेल. गुणगुण घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस.

कानात प्लग घाल. चार महिने शांततेत राहिलेला कान आहे तुझा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब पुष्कळ ठिकाणी वापरला जातो: ८५ डेसिबलला आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधराच मिनिटं.

पहिलं गाणं कुठलं ते प्रमुखांना विचारून घे आणि जमलं तर ठाय (संथ) लयीतलं मागून घे. मी तळ्यापाशी राहतो, पाडव्याला त्याच बाजूला असेन. दिसलास तर हाक मारीन.


प्रश्न: नमस्कार. माझी मुलगी नेरूळला कॉलेजच्या बँडमध्ये बास वाजवते. बारावीच्या परीक्षेमुळे दिवाळीनंतर बास कव्हरमध्येच होता. परीक्षा संपली, एप्रिलमध्ये कार्यक्रम आहे. बास काढला तर तारा काळपट आणि खरबरीत, आवाज येत नाही, आणि तार दाबली की खरखर. नवा घ्यावा लागेल का?
(एक आई, नेरूळ)

उत्तर: ताई, नवा घेऊ नका. तुमच्या वर्णनावरून बास बहुधा अॅक्टिव्ह असावा, म्हणजे त्याच्या पाठीमागे एक लहान झाकण असेल आणि आत ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. केबल बासला लावलेली राहिली की बॅटरी चालूच राहते आणि हळूहळू संपते. बहुधा केबल लावूनच बास आत गेला. झाकण उघडून बघा. बॅटरी गळली असेल तर पांढरट भुकटी दिसेल. ती कोरड्या ब्रशने काढा, हाताला लागू देऊ नका, आणि नवी बॅटरी घाला. वाजवून झालं की केबल बासमधून काढायची, ही सवय तिला लावा.

तारा बदला. खाडीकाठच्या दमट हवेत घामाचे हात तसेच सोडले की तारा गंजतात. प्रत्येक वेळी वाजवल्यावर जुन्या सुती कापडाने तारा खालून-वरून पुसायच्या. नव्या तारा एकेक करून बदला, सगळ्या एकदम काढल्या तर गळ्यावरचा ताण अचानक जातो.

खरखर ही गळ्याची गोष्ट. पावसाळ्यात लाकूड ओलावा धरतं, हिवाळ्यात सोडतं, आणि गळा थोडा सरळ होतो. तिला सांगा: पहिला फ्रेट आणि गळा अंगाला मिळतो तिथला फ्रेट, दोन्ही एकाच वेळी दाबायचे आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यातली फट बघायची. लग्नपत्रिकेतला जाड कागद जेमतेम सरकेल एवढी फट हवी. काहीच नसेल तर गळ्याच्या आतली सळई किंचित सैल करावी लागते. एका वेळी पाव फेरा, मग एक दिवस थांबायचं. पहिल्यांदा कारागिराकडून करून घ्या आणि तिला शेजारी उभी करा, म्हणजे पुढच्या हिवाळ्यात तिची ती करील.

आणि परीक्षेनंतर पहिल्याच दिवशी ती चार तास वाजवायला बसेल. थोडं थोडं वाजवायचं सांगा. वरचं उत्तर तिलाही वाचायला द्या.


प्रश्न: दादा, मी कळव्याचा, कीबोर्डवाला, वय ४५. आमचा बासवाला नोव्हेंबरपासून गावी होता, वडील आजारी होते. तोपर्यंत मी डाव्या हाताने बास धरला. आता तो परतलाय, पण माझा डावा हात थांबत नाही. दोघांचा मिळून गोंधळ होतो आणि तो काही बोलत नाही.
(एक वाचक, कळवा)

उत्तर: तुम्ही चार महिने दोन माणसांचं काम केलंत, त्याबद्दल आधी तुम्हाला नमस्कार. आता तो हात विसरेल ही अपेक्षा ठेवू नका, त्याला दुसरं काम द्या. कीबोर्डवर स्प्लिट असतो. डावा भाग वेगळा करून त्याचा बासचा आवाज काढून टाका, तिथे स्ट्रिंग्जचा (व्हायोलिनसारखा) हलका आवाज ठेवा आणि तो एक सप्तक वर न्या. म्हणजे सवयीने बोटं गेली तरी खाली ढवळणार नाही. गोंधळाचं कारणही साधं आहे. तुमचा कीबोर्ड पक्क्या स्वरात असतो आणि बासवाल्याची तार एखाद्या केसाइतकी इकडे-तिकडे. मंद्र स्वरात एवढासा फरकही सेकंदा-दोन सेकंदांनी हेलकावा घेत ऐकू येतो.

तो बोलत नाही, कारण घरची आजारपणं काढून आलेला माणूस पहिले काही दिवस स्वतःची जागा मागत नाही. तुम्ही वयाने मोठे आहात, तुम्ही द्या. पुढच्या तालमीला त्याला डाव्या हाताला, तुमची बोटं दिसतील असा उभा करा. ज्या गाण्यांचे शेवट या काळात बदलले असतील तिथे एक मात्रा आधी मान हलवून खूण करा. पहिल्या तालमीनंतर वडिलांची चौकशी करा, चहा पाजा, आणि गाण्यांची नवी यादी त्याच्या हातात ठेवा.